गर्भाशयमुखाचा कर्करोग : काचपट्टीपासून कुपीपर्यंत

रोगावर मिळविलेल्या विजयाच्या कथा बहुधा औषधाच्या कथा असतात. देवीवर लस निघाली, हिवतापावर क्विनाइन आलें, चिघळणाऱ्या जखमेवर पेनिसिलिन आलें. आणि यामुळें प्रत्येक रोगापुढें एखादें रामबाण औषध उभें करून पाहण्याची लोकांच्या मनाला संवय झाली आहे. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत एक मोठा विजय असा आहे कीं, त्यांत नव्या औषधाचा भाग जवळजवळ नाहीं. तो विजय वेळेवर पाहण्यानें मिळालेला आहे. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाशीं होणाऱ्या कर्करोगाचा हा इतिहास आहे.

हा रोग एका रात्रींत होत नाहीं. निरोगी पेशी बिघडूं लागल्यापासून तिचा कर्करोग होईपर्यंत बहुधा दहापंधरा वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ लोटतो. त्या काळांत कांहीं दुखत नाहीं, खुपत नाहीं. घरचीं माणसें आणि ती स्त्री स्वतः, दोघेंहि निश्चिंत असतात. आणि नेमका हाच काळ असा असतो कीं, बिघडलेला तेवढा भाग थोड्याशा उपचारानें काढून टाकला, तर पुढचा रोग होतच नाहीं. पुढें रक्तस्राव सुरू होऊन ती डॉक्टरांकडे जाते, तेव्हां पुष्कळदां तो सुकाळ निघून गेलेला असतो. म्हणून प्रश्न इतकाच होता कीं, ज्या रोगाची रुग्णालाहि वार्ता नाहीं तो डॉक्टरानें ओळखावा कसा?

या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं दिलें ते डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ मूळचे ग्रीस देशाचे. यूबिया बेटावरील किमी या गांवीं १८८३ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेंहि अथेन्स येथें वैद्यकाची पदवी घेतली. परंतु गांवांत दवाखाना घालून बसण्यापेक्षां त्याची ओढ जीवशास्त्राकडे अधिक होती. म्युनिच येथें त्यांनीं प्राणिशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली आणि १९१३ सालीं पत्नी आंद्रोमाखी ऊर्फ मेरी यांच्यासह ते अमेरिकेस गेले. परक्या मुलुखांत आरंभीं विद्येला कोण विचारतो? न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत पति गालिचे विकूं लागला आणि पत्नी कपड्यांना बटणें लावूं लागली. पुढें लौकरच कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्राच्या विभागांत त्यांना जागा मिळाली, आणि तेथें त्यांनीं जवळजवळ अर्धें शतक काम केलें.

कर्करोगाचा विचार त्या वेळीं त्यांच्या मनांतहि नव्हता. गिनीपिग या लहानशा प्राण्याचें बीजांड नेमक्या वेळीं हातीं यावें, एवढाच त्यांचा हेतु होता. ही वेळ बाहेरून कळत नसे. मादी मारून पाहावें तों वेळ टळलेली आढळे. नाकाची तपासणी करण्याच्या लहान यंत्रानें मादीच्या योनिमार्गांतील स्राव घेऊन तो त्यांनीं काचेवर पसरला व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. ऋतुचक्राच्या दर टप्प्याला पेशींचा आकार व गर्दी बदलते, हें त्यांना स्पष्ट दिसलें. आपले वरिष्ठ प्राध्यापक स्टॉकार्ड यांच्यासह त्यांनीं हा शोध १९१७ सालीं प्रसिद्ध केला. प्राण्यांत जें दिसलें तें मनुष्यांतहि दिसेल काय, हा पुढचा प्रश्न ओघानेंच आला. आणि तो सोडविण्यास प्रथम पुढें आल्या त्या मेरीबाईच. वर्षानुवर्षें त्यांच्या स्रावाचे लेप पतीनें काचेवर घेतले आणि अभ्यासले. प्रयोगशाळेंतील मदतनीस, घराची धनीण आणि प्रयोगाचा विषय अशा तिन्ही नात्यांनीं या बाईंनीं जें दिलें, त्याचा उल्लेख शास्त्राच्या ग्रंथांत फार थोडा सांपडतो.

१९२५ नंतर न्यूयॉर्कच्या रुग्णालयांतील अनेक स्त्रियांचे लेप ते पाहूं लागले. त्यांत एका कर्करोगी स्त्रीचा लेप आला. त्या काचेवरील पेशी कांहीं निराळ्याच होत्या. निरोगी पेशी सपाट, रुंद आणि मध्यें लहानसें केंद्र असलेली असते. येथें केंद्र फुगलेलें, काळवंडलेलें, कडा वेड्यावांकड्या, आणि भोंवतालचा भाग आकसून गेलेला. रोग झालेल्या भागाचा तुकडा न कापतां, आपोआप गळून पडलेल्या पेशींवरून रोग ओळखतां येतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९२८ च्या जानेवारींत मिशिगन प्रांतांतील बॅटल क्रीक येथें भरलेल्या मनुष्यवंशसुधारणेच्या परिषदेंत त्यांनीं हा विचार मांडला. त्याच सुमारास रुमानियांत डॉ. ऑरेल बाबेश यांनींहि प्लॅटिनमच्या तारेच्या फांसानें गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन असाच निष्कर्ष काढला होता. बुखारेस्ट येथील वैद्यकसभेपुढें त्यांनीं तो १९२७ सालीं ठेवला आणि १९२८ च्या एप्रिलांत पॅरिसच्या एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. एकच शोध दोन देशांत जवळजवळ एकाच वेळीं लागावा, असें शास्त्राच्या इतिहासांत अनेकदां घडलेलें आहे.

परंतु दोघांचेंहि म्हणणें त्या वेळीं कोणीं मनावर घेतलें नाहीं. गर्भाशयाचें मुख डोळ्यांना दिसतें, त्याचा तुकडा काढून तपासतां येतो; मग सुट्या पेशींच्या मागें कां लागावें, असें रोगनिदानाच्या पंडितांना वाटे. रोग दिसूं लागण्यापूर्वीं शोधावयाचा आहे, ही कल्पनाच तेव्हां रुजलेली नव्हती. पापानिकोलाऊ निमूटपणें दुसऱ्या कामाला लागले. १९३९ पासून स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्या सहकार्यानें न्यूयॉर्क रुग्णालयाच्या स्त्रीविभागांत येणाऱ्या स्त्रियांचे लेप नेमानें घेतले जाऊं लागले. ज्यांच्या रोगाची कोणाला शंकाहि नव्हती अशा कित्येक स्त्रियांच्या लेपांत तो आढळला. १९४१ सालीं दोघांचा निबंध आणि १९४३ सालीं सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथांतील पेशींचीं रंगीत चित्रें हाशिमे मुरायामा या जपानांत जन्मलेल्या चित्रकारानें काढलीं होतीं. अमेरिका आणि जपान यांच्यांत घनघोर युद्ध चालू असतां हा ग्रंथ निघाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या चित्रांचें मोल अधिकच वाटतें.

यानंतर मात्र या पद्धतीचा प्रसार झपाट्यानें झाला. पापानिकोलाऊ या लांबलचक नांवाचें ‘पॅप’ एवढें संक्षिप्त रूप जगभर रूढ झालें. कॅनडांतील डॉ. अर्नेस्ट एअर यांनीं १९४७ सालीं गर्भाशयाच्या मुखावर बसेल अशा आकाराची लाकडी पट्टी तयार केली; ती गोल फिरवली कीं, रोग जेथून बहुधा सुरू होतो त्या वर्तुळावरील पेशी खरवडून निघत. त्या काचेवर पसरावयाच्या, ओल्या असतांनाच मद्यार्कांत बुडवावयाच्या, रंगवावयाच्या आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावयाच्या. साधन म्हणावें तर एक पट्टी, एक काच आणि एक शिकलेली नजर.

पण या साधेपणानें पुष्कळांची फसगतहि केली. काच तपासली म्हणजे रोग आटोक्यांत येतो, असें समजलें जाऊं लागलें. प्रत्यक्षांत ज्या देशांनीं स्त्रियांच्या याद्या केल्या, ठराविक वर्षांनीं प्रत्येकीला पत्र धाडून बोलाविलें आणि दोष आढळलेल्या स्त्रीचा उपचार होईपर्यंत पाठपुरावा केला, तेथेंच मृत्यु खऱ्या अर्थानें घटले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें १९४९ सालीं आरंभ केला. फिनलंडनें १९६३ च्या सुमारास देशव्यापी व्यवस्था उभारली आणि कांहीं दशकांत तेथील या रोगाचें प्रमाण सुमारें पांचव्या हिश्श्यावर आलें. उलट इंग्लंडांत १९६० नंतर लेप पुष्कळ घेतले गेले, पण बोलावण्याची नीट व्यवस्था नसल्यामुळें त्याच त्या स्त्रिया वारंवार येत, आणि ज्यांना धोका अधिक त्या येतच नसत. १९८८ सालीं तेथें याद्यांवरून बोलावण्याची राष्ट्रीय पद्धत सुरू झाली, तेव्हां कोठें फळ दिसूं लागलें.

दुसरा दोष नजरेचा. एका काचेवर पेशी लाखांनीं मोजण्याइतक्या असूं शकतात आणि त्यांतल्या बिघडलेल्या कधीं मूठभरहि नसतात. त्या शोधण्याचें काम दिवसभर करणाऱ्याचे डोळे थकतात. १९८७ सालीं अमेरिकेंतील एका वृत्तपत्रानें असें उघडकीस आणलें कीं, कांहीं प्रयोगशाळांत काचांच्या संख्येवर मजुरी दिली जाते आणि घाईघाईनें वाचलेल्या काचांमुळें रोग नजरेआड राहून स्त्रियांचे प्राण गेले आहेत. मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षीं कायदा झाला आणि एका माणसानें चोवीस तासांत शंभरांहून अधिक काचा वाचूं नयेत असें बंधन आलें. अहवाल लिहिण्याची एकच सर्वमान्य परिभाषाहि त्याच वर्षीं बेथेस्डा येथें ठरविली गेली.

तिसरा दोष खुद्द लेपाचा होता. खरवडलेल्या पेशींपैकीं बराच भाग पट्टीलाच चिकटून राही व पट्टीबरोबर फेकला जाई. काचेवर जो येई त्यांतहि कोठें थर जाड, कोठें रक्त, कोठें पू, कोठें शेंबडासारखा स्राव. काच मद्यार्कांत घालण्यास थोडा उशीर झाला कीं पेशी सुकून त्यांचें रूप पालटे. तांदूळ ताटांत रास करून ठेवले तर खडे दिसत नाहींत. ते पातळ पसरावे लागतात, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. कित्येक काचा अशा राशीसारख्या असत. मग ‘लेप अपुरा, पुन्हां घ्यावा’ असा शेरा येई आणि स्त्रीला दुसऱ्यांदा तोच संकोच आणि तीच चिंता सोसावी लागे.

या तिसऱ्या दोषावर निघालेला उपाय म्हणजे द्रवाश्रित पेशीपरीक्षा, जिला डॉक्टर मंडळी लिक्विड-बेस्ड सायटॉलॉजी म्हणतात. यांत पेशी काचेवर पसरावयाच्याच नाहींत. मऊ ब्रशानें त्या घ्यावयाच्या आणि मद्यार्कयुक्त द्रवाच्या कुपींत खळबळून सोडावयाच्या, किंवा ब्रशाचें टोंकच कुपींत टाकून द्यावयाचें. द्रवांत पेशी टिकतात, सुकत नाहींत. प्रयोगशाळेंत पुढचें काम यंत्र करतें. एका पद्धतींत द्रव ढवळून तो बारीक छिद्रांच्या पडद्यांतून ओढतात; पेशी पडद्यावर थांबतात, बराचसा गाळ व मोडकें रक्त निघून जातें, आणि पडदा काचेला लावला कीं पेशींचा एक पातळ गोल ठसा उमटतो. दुसऱ्या पद्धतींत द्रव वेगानें फिरवून जड पेशी खालीं बसवितात आणि हलका केर वेगळा करतात. पहिल्या पद्धतीला अमेरिकेंत १९९६ सालीं सरकारी मान्यता मिळाली, दुसरीला १९९९ सालीं. काचेवरील गोल साधारण रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान. वाचणाऱ्याला काचेचा कोपरान् कोपरा धुंडाळावा लागत नाहीं. निदान ५,००० चांगल्या पेशी दिसल्या कीं काच पुरेशी मानली जाते.

इंग्लंडांत या पद्धतीचा आधीं कांहीं ठिकाणीं प्रयोग झाला. तेथें अपुऱ्या लेपांचें प्रमाण शेंकडा सुमारें ९ वरून २ च्या खालीं आलें. हजारों स्त्रियांची दुसरी खेप वांचली. २००३ सालीं तेथील आरोग्यसंस्थेनें ती सर्वत्र लागू करण्याची शिफारस केली आणि २००८ पर्यंत सर्व प्रयोगशाळा नव्या पद्धतीवर आल्या.

नव्या पद्धतीनें रोगहि अधिक सांपडतो, असा यंत्रें विकणाऱ्यांचा दावा होता. याची परीक्षा कसोशीनें झाली. हॉलंडमध्यें सुमारें ९० हजार स्त्रियांवर केलेल्या आणि २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत असें आढळलें कीं, गंभीर बिघाड शोधण्याच्या कामीं द्रवाची पद्धत जुन्या लेपाहून सरस नाहीं आणि उणीहि नाहीं. इटलींतील मोठ्या तुलनेचा निष्कर्षहि याच दिशेचा होता. म्हणजे नीट घेतलेला आणि नीट वाचलेला जुना लेप पूर्वीं जितका खरा होता तितकाच आजहि खरा आहे. नव्या पद्धतीचा लाभ अपुरे लेप टळण्यांत आणि वाचन सुकर होण्यांत आहे. शिवाय तिचा आणखी एक लाभ निघाला, आणि तोच पुढें सर्वांत मोठा ठरला. काच तयार झाल्यावर कुपींत द्रव शिल्लक राहतो.

त्या शिल्लक द्रवाचें महत्त्व कळण्यासाठीं जर्मनींतील डॉ. हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या संशोधनाकडे वळलें पाहिजे. हा कर्करोग एका विषाणूमुळें होतो, असें त्यांनीं सांगितलें तेव्हां बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्याच विषाणूच्या मागें होते. त्यांच्या प्रयोगशाळेनें १९८३ व १९८४ सालीं मानवी पॅपिलोमा विषाणूचे सोळावा आणि अठरावा असे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगांतून वेगळे केले. जगांतील या कर्करोगांपैकीं सुमारें ७० टक्के या दोन प्रकारांमुळें होतात. २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु पुष्कळ स्त्रीपुरुषांना कधीं ना कधीं होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. जेथें तो वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतो तेथें धोका. तेव्हां पेशी बिघडण्याची वाट न पाहतां आधीं विषाणूच शोधावा, हा विचार पुढें आला. शिल्लक द्रव त्याला आयताच उपयोगी पडला. २०१९ च्या अखेरीस इंग्लंडनें क्रम उलटा केला : कुपींतील द्रवांत प्रथम विषाणु पाहावयाचा, आणि तो सांपडला तरच त्याच कुपींतून काच तयार करून पेशी वाचावयाच्या. स्त्रीला दोनदां यावें लागत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काच असो वा विषाणूची परीक्षा असो, ती चाळणी आहे. अंतिम निदान नव्हे. दोष आढळलेल्या स्त्रीचें गर्भाशयमुख भिंगाच्या यंत्रानें पाहून, संशयित जागेचा बारीक तुकडा तपासल्यावरच निदान पक्कें होतें. लेपांत दोष निघाला म्हणजे कर्करोग झाला, असें समजून हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. आणि लेप निर्दोष निघाला म्हणून रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करण्याचेंहि कारण नाहीं. यंत्रानें माणसाची जबाबदारी संपत नाहीं, याचा दाखला आयर्लंडनें २०१८ सालीं पाहिला. तेथें द्रवाचीच पद्धत होती. कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या जुन्या काचा पुन्हां तपासतां, दोनशेंहून अधिक स्त्रियांच्या बाबतींत पूर्वींचें वाचन निराळें असावयास हवें होतें असें आढळलें. आणि त्यांतील बहुतेकींना ही गोष्ट कळविण्यांतच आली नव्हती. एका स्त्रीनें न्यायालयांत दाद मागितली तेव्हां ती जगापुढें आली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध केवळ वाचकाचा नाहीं. १९८७ सालीं बार्शी येथें भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या भागांतील खेड्यांत फिरून कार्यकर्त्यांनीं नोंदी केल्या, आणि स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाच भार सर्वांत अधिक आहे हें दिसून आलें. या पायावर १९९९ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या धाराशिवांत, जगानें दखल घ्यावी असा प्रयोग सुरू झाला. ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया खेड्यांच्या ५२ गटांतून घेतल्या गेल्या. कांहीं गटांत विषाणूची परीक्षा, कांहींत काचेवरचा लेप, कांहींत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहणें, आणि चौथ्या भागांत नेहमींची व्यवस्था, असे चार विभाग होते. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूच्या एकाच परीक्षेनें या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटले होते : नेहमींच्या व्यवस्थेंत ६४ मृत्यु, आणि विषाणुपरीक्षेच्या विभागांत ३४. लेपानें आणि डोळ्यांनीं पाहण्यानें तेथें एका फेरींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं.

मुंबईच्या झोपडवस्त्यांतून टाटा स्मारक रुग्णालयानें दुसरा मार्ग चोखाळला. तेथें दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांना थोड्या मुदतीचें शिक्षण दिलें आणि त्यांनीं ॲसेटिक आम्लाची सोपी तपासणी पुनःपुन्हां, चार फेऱ्यांत केली. सुमारें दीड लाख स्त्रियांच्या या प्रयोगांत मृत्यूंचें प्रमाण ३१ टक्क्यांनीं कमी झालें. या दोन्ही प्रयोगांविषयीं एक कठोर प्रश्नहि विचारला गेला : ज्या स्त्रिया तुलनेसाठीं बिनतपासणीच्या राहिल्या, त्यांना तपासणी कां दिली नाहीं? अशा स्त्रियांना एरव्हींहि कोणतीच तपासणी मिळत नव्हती, हें उत्तर खरें आहे; पण तें मनाला स्वस्थ करणारें नाहीं. ज्या ज्ञानाचा लाभ आज सर्वांना आहे त्याची किंमत कोणीं दिली, हें विसरतां कामा नये.

२०२० सालीं भारतांत या रोगाच्या सुमारें १ लक्ष २४ हजार नव्या रुग्णांचा आणि ७७ हजारांवर मृत्यूंचा अंदाज होता. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ही तपासणी कधींतरी झालेल्या स्त्रिया शंभरांत दोनहि भरल्या नाहींत. काचेचा शोध लागून तोंवर नव्वद वर्षें लोटलीं होतीं. लस आली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ सालीं परवानाहि मिळाला. परंतु लस मुख्यतः उद्यांच्या मुलींना वांचवील. आज ज्या आया आणि मावश्या तिशीच्या पलीकडे आहेत, त्यांना तपासणीचाच आधार आहे.

पापानिकोलाऊ १९६२ सालीं निवर्तले. त्यांच्या काचेची जागा कुपीनें घेतली, कुपींतील पेशीच्या आधीं विषाणु पाहिला जाऊं लागला. पुढें आणखीहि बदल होतील. या सर्व काळांत जेथें जेथें मृत्यु घटले, तेथें तेथें एकच गोष्ट आढळते. कोणीतरी त्या स्त्रीला नांवानें बोलाविलें, तिची तपासणी नीट केली, आणि निकाल तिच्या हातीं पोंचवून पुढच्या उपचाराची वाट दाखविली. सुशिक्षित घरांत हें बोलावणें धाडावयास सरकारच्या पत्राची वाट पाहण्याचें कारण नाहीं. घरांतील स्त्री स्वतःच्या दुखण्याची गोष्ट सर्वांत शेवटीं काढते, आणि हें दुखणें तर दुखतहि नाहीं. तेव्हां ती गोष्ट घरच्यांनींच आधीं काढावी, हें बरें.